शास्त्रोक्त की प्रोप्रायटरी? : ऑनलाइन अध्यापन प्रणालीची निवड

आपल्या क्षेत्रातील संघटना, महाविद्यालये व औषधनिर्माते आता स्वतःचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवू इच्छितात. अशा वेळी कोणती प्रणाली घ्यावी, हा प्रश्न बहुधा पहिल्या वर्षाच्या खर्चावरून सोडविला जातो. वस्तुतः पाच-सात वर्षे परिश्रमाने तयार केलेली व्याख्याने, प्रश्नसंच व विद्यार्थ्यांच्या नोंदी शेवटी कोणाच्या हाती राहणार, हा खरा प्रश्न आहे.

हा भेद आपणांस अपरिचित नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये अधिकृत ग्रंथांतील पाठांनुसार केलेली औषधे आणि 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषधे असे दोन वर्ग आहेत. त्रिफळा गुग्गुळाचा पाठ सर्वांसाठी खुला असून परवानाधारक कोणताही निर्माता तो कल्प करू शकतो. एका फार्मसीने निर्मिती थांबविली, तरी वैद्याचे अडत नाही. प्रोप्रायटरी कल्प मात्र त्या निर्मात्याबरोबरच बाजारातून जातो. मुक्तस्रोत व मालकीच्या संगणकीय प्रणालींत नेमका हाच फरक आहे. एका ठिकाणी हा दृष्टांत अपुरा पडतो : प्रोप्रायटरी औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापावी लागतात, मालकीच्या आज्ञावलीवर तसे कोणतेही बंधन नाही.

मुक्तस्रोत प्रणालींपैकी सर्वाधिक प्रचलित म्हणजे 'मूडल'. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगिआमस यांनी तिची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. जीपीएल परवान्यामुळे ती कोणालाही वापरता, बदलता व वाटता येते. 'ओपन एडएक्स' हे दुसरे उदाहरण. हार्वर्ड व एमआयटी यांच्या या उपक्रमाची आज्ञावली २०१३ मध्ये खुली झाली. पुढे २०२१ मध्ये एडएक्स हे संकेतस्थळ एका व्यापारी कंपनीकडे गेले आणि २०२४ मध्ये त्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. आज्ञावली मात्र खुलीच राहिली.

मालकीच्या प्रणालींचा इतिहास बोलका आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जन्मलेली 'वेबसीटी' ही प्रणाली अनेक विद्यापीठांनी स्वीकारली होती. २००६ मध्ये 'ब्लॅकबोर्ड' या प्रतिस्पर्धी कंपनीने ती विकत घेतली. कालांतराने वेबसीटी हे नाव मागे पडले व ग्राहकांना स्थलांतर करावे लागले. त्याच वर्षी ब्लॅकबोर्डने एका पेटंटच्या आधारे 'डिझायर-टू-लर्न' या कंपनीवर दावा लावला. २००८ मध्ये निकाल ब्लॅकबोर्डच्या बाजूने लागला, परंतु २००९ मध्ये अपिलात त्या पेटंटमधील वादग्रस्त दावे अवैध ठरले. पारंपरिक ज्ञानावरील हळदीच्या पेटंटचे प्रकरण स्मरणात असलेल्या वाचकांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फुकट म्हणजे मुक्त नव्हे. 'गूगल क्लासरूम' शिक्षणसंस्थांना विनामूल्य मिळते, तरी ती मालकीचीच प्रणाली आहे. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवण बंद करून १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा घालण्याचे गूगलने २०२१ मध्ये जाहीर केले, आणि संस्थांना ते मान्य करणे भाग पडले. उलट, मुक्त म्हणजे बिनखर्ची असेही नव्हे. सर्व्हरचे भाडे, सुरक्षा-सुधारणा व नित्य बॅकअप यांना पैसा आणि माणूस दोन्ही लागतात. मूडलची नवी मुख्य आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. एकदा स्थापना करून विसरून जाणे म्हणजे दार उघडे टाकणेच होय.

चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्य हा एकच पाद आहे. प्रणाली हे द्रव्य मानले, तर तिची देखभाल करणारा तंत्रज्ञ हा उपस्थाता होय, आणि आपल्या बहुतेक संघटनांकडे नेमका तोच नसतो. म्हणून जिल्हा पातळीवरील संस्थेने स्वतःच्या कार्यालयात सर्व्हर मांडण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूडल चालवून देणाऱ्या सेवादात्याकडून ती वार्षिक शुल्कावर घ्यावी. सेवा असमाधानकारक वाटल्यास तोच अभ्यासक्रम दुसऱ्याकडे नेता येतो. चार व्याख्यानांची एखादी मालिकाच करावयाची असेल, तर एवढा खटाटोप अनावश्यक आहे. हाताशी असलेली मालकीची प्रणाली खुशाल वापरावी.

मराठीतून परीक्षा घेणाऱ्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. 'पंचकर्म' आणि 'पञ्चकर्म' हे आपल्या दृष्टीने एकच असले, तरी यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. लघुत्तरी प्रश्नांत दोन्ही रूपे ग्राह्य उत्तरे म्हणून नोंदवावी लागतात. मूडलमध्ये तशी सोय आहे. अन्य प्रणाली घेण्यापूर्वी हे अवश्य तपासावे.

रुग्णांची छायाचित्रे व इतिवृत्ते अभ्यासासाठी देताना अधिक सावधगिरी हवी. रुग्णाची ओळख काढून टाकणे हे दोन्ही प्रकारांत अनिवार्य आहे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला असल्याने ती विदा कोठे साठते आणि करार संपल्यावर तिचे काय होते, याचे उत्तर लेखी घ्यावे.

करारावर सही करण्यापूर्वी सेवादात्याकडून एका छोट्या अभ्यासक्रमाची बॅकअप फाइल मागावी. मूडलमध्ये ती शिक्षकालाच काढता येते. ती दुसऱ्या एखाद्या ठिकाणी उघडून प्रश्न, गुण व देवनागरी मजकूर जसाच्या तसा येतो का, हे पाहावे. फाइल देण्यास टाळाटाळ झाली, तर पुढची बोलणी तेथेच थांबवावीत.