पार्सल गेलंय की जाणार आहे? धंद्याच्या इंग्रजीतले काळ



आधी माझाच एक किस्सा सांगते. दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. बेंगळुरूच्या एका ताईंनी ड्रेस मटेरियलचे चार पीस मागवले, पैसेही आधी पाठवले. मी सोमवारी कुरिअर केलं आणि बुधवारी व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘वी सेंड युवर पार्सल ऑन मंडे.’

त्यांना वाटलं, पार्सल येत्या सोमवारी निघणार. त्या निश्चिंत होऊन गावाला गेल्या. शुक्रवारी कुरिअरवाला दारात, घराला कुलूप, फोन लागेना. पार्सल परत! जाण्यायेण्याचा खर्च माझ्या खिशातून गेला, आणि ‘तुम्ही नीट सांगत नाही’ हेही ऐकावं लागलं.

चूक एवढीच, की ‘सेंड’ऐवजी ‘सेंट’ हवं होतं. बीबीए करूनही माझी ही चूक झाली. त्यामुळे तुमची होत असेल तर लाजू नका, फक्त आजपासून सुधारा.

एक लक्षात ठेवा. ग्राहक तुमचं व्याकरण तपासत नाही. त्याला एवढंच कळायला हवं, की काम रोजचं आहे, चालू आहे, की झालंय.

१. करतो की करतोय?

‘आम्ही घरपोच देतो’ ही तुमची कायमची सेवा. म्हणून ‘वी डिलिव्हर टू युवर होम’. ‘वी आर डिलिव्हरिंग’ म्हणजे आत्ता किंवा सध्यापुरतं. दुकानाच्या माहितीत हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, ही सोय थोड्याच दिवसांची आहे.

आणि ‘वी आर हॅविंग कॉटन साडीज’ नको. माल असणं सांगायला साधं ‘वी हॅव’ पुरेसं आहे.

२. झालं, आणि कधी झालं तेही माहीत आहे

काल, सोमवारी, दोन दिवसांपूर्वी असा शब्द आला की साधा भूतकाळ. ‘आय सेंट इट यस्टरडे.’ ‘यू पेड ऑन मंडे.’

इथे सगळ्यांचा पाय घसरतो तो ‘डिड’वर. ‘आय डिड नॉट रिसीव्ह्ड’ चूक, ‘आय डिड नॉट रिसीव्ह’ बरोबर. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललंय, मग पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं.

३. झालंय

मराठीत ‘पाठवलं’ आणि ‘पाठवलंय’ यातला फरक आपल्याला न शिकवता कळतो. ‘पाठवलंय’ म्हणजे काम झालं आणि त्याचा आत्ताशी संबंध आहे: आता वाट बघा. इंग्रजीत तेच ‘आय हॅव सेंट द पार्सल’.

पण एक फरक आहे. मराठीत ‘काल पाठवलंय’ बिनधास्त चालतं. इंग्रजीत ‘हॅव सेंट’ आणि ‘यस्टरडे’ एकत्र बसत नाहीत. वेळ सांगायची असेल तर ‘हॅव’ काढा.

उधारी मागताना हे रूप फार कामाला येतं. ‘वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट येट’ म्हणजे अजून आलं नाही, पण येईल अशी अपेक्षा आहे. मागणी झाली आणि संबंधही टिकले.

४. ‘आलोच’चा घोळ

आपण घरातून निघायच्या आधीच म्हणतो, ‘आलोच पाच मिनिटांत!’ रूप भूतकाळाचं, काम पुढचं. हे शब्दशः इंग्रजीत नेऊन ‘आय केम’ म्हणालात, तर समोरचा तुम्हाला दुकानात शोधत बसेल. ‘आय ॲम कमिंग’ म्हणा. तसंच ‘पाठवलंच समजा’ला ‘सेंट’ म्हणू नका. माल निघाला नसेल तर ‘आय विल सेंड इट टुडे’ असं खरं तेच सांगा.

५. इतकी वर्षं धंदा करतोय

ओळख करून देताना बरेच जण म्हणतात, ‘आय ॲम रनिंग धिस शॉप सिन्स फाइव्ह इयर्स.’ मराठीत ‘चालवतोय’ म्हणून तसंच्या तसं उतरतं. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन रनिंग धिस शॉप फॉर फाइव्ह इयर्स.’ किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कधीपासून ते सांगायला ‘सिन्स’. म्हणजे ‘फॉर फाइव्ह इयर्स’, पण ‘सिन्स 2019’.

आजचा गृहपाठ

पाच काळांचे तक्ते पाठ करत बसू नका. मोबाइल उघडा आणि ग्राहकांना पाठवलेले शेवटचे दहा इंग्रजी मेसेज वाचा. प्रत्येकाखाली मराठीत लिहा: करतो, करतोय, केलं, केलंय की करणार. जिथे तुम्हालाच ठरवता येत नाही, तिथे ग्राहकही गोंधळलाय असं समजा. तो मेसेज दुरुस्त करा, वहीत उतरवा आणि पुढच्या वेळी तोच वापरा.

आणि शंका वाटलीच तर सरळ तारीख टाका. ‘सेंट ऑन 12 मार्च’ लिहिलं असतं, तर माझं ते पार्सल परत आलं नसतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!