रिकाम्या जागा आणि भूगोलाचा पाठ



मार्गशीर्ष महिन्यात बालाघाटच्या माथ्यावरील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. पाचवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘एका ठिकाणचे वास्तव्य सोडून दुसऱ्या ठिकाणी जाऊन राहणे यास स्थलांतर म्हणतात.’ मुलांनी व्याख्या एका सुरात म्हणून दाखविली. एक शब्दही चुकला नाही. मी सहज विचारले, “आपल्या वर्गातील कोणी स्थलांतर केले आहे काय?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी पुढच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, “नाही साहेब, स्थलांतर पक्षी करतात.”

वर्गातील जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या होत्या. दिवाळी होताच त्या मुलांचे आईबाप ऊसतोडीस गेले होते आणि मुलेही त्यांच्यासमवेत गेली होती.

यात त्या गुरुजींचा दोष काढण्याचा हेतू नाही. मी शिक्षक असताना अनेक वर्षे भूगोल असाच शिकविला. व्याख्या पाठ झाली की विषय आला, अशी माझीही समजूत होती. परंतु जो भूगोल पुस्तकात आहे तोच आपल्या वर्गात, वेशीवर आणि विहिरीवर आहे हे मुलास उमगत नाही, तोवर तो विषय त्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून मानवी, आर्थिक आणि पर्यावरणीय भूगोलातील काही मूळ कल्पना आपल्याच बीड जिल्ह्याच्या आधारे कशा मांडता येतील, याचे विवेचन येथे करीत आहे.

तीन शाखा, तीन प्रश्न

या तीन शाखा म्हणजे एकाच भूमीविषयी विचारलेले तीन प्रश्न होत. माणसे येथे का व कशी राहतात, हा मानवी भूगोलाचा प्रश्न. ती आपला चरितार्थ कशावर चालवितात, हा आर्थिक भूगोलाचा. आणि ज्या जमीनपाण्यावर हे सारे चालते त्याचे पुढे काय होते, हा पर्यावरणीय भूगोलाचा. हे तीन प्रश्न मुलांच्या मनात पक्के बसले, की कोणत्याही गावाचा वा देशाचा अभ्यास त्यांना त्याच क्रमाने करता येतो.

माणसे येथे का राहतात?

प्रथम गावाचे स्थान घ्यावे. जुने गावठाण बहुधा पाण्यापासून फार दूर नसते. पण ते पुराच्या पाण्यात किंवा उत्तम काळ्या जमिनीतही सहसा नसते. घरे मुरमाड उंचवट्यावर आणि शेते काळ्या रानात, ही मांडणी पूर्वजांनी विचारपूर्वक केलेली आहे. मुलांना गावाबाहेरच्या टेकाडावर नेऊन ‘गाव येथेच का वसले?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. गाव, वाडी, वस्ती, तांडा ही नावेसुद्धा वस्तीचे निरनिराळे प्रकार सांगतात. गोदाकाठची मोठी, दाट घरांची गावे आणि डोंगरातील विखुरलेल्या वाड्या यांतील फरक त्यांना येथेच दाखविता येतो.

दुसरी कल्पना लोकसंख्येच्या घनतेची. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे राहत होती. गडचिरोली जिल्ह्यात मात्र केवळ ७४. गडचिरोलीत पाऊस भरपूर आहे. तेव्हा केवळ पावसाने घनता ठरत नाही, अरण्य, रस्ते, शेतजमीन व उद्योग यांनीही ती ठरते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरी कल्पना स्थलांतराची. स्थलांतरास दोन बाजू असतात : माणसास घराबाहेर ढकलणारी कारणे आणि त्यास दुसरीकडे ओढणारी कारणे. रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. २०११ साली तेथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहरात ८३२. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि कारण मुलांनाच शोधू द्यावे. कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस कामाला जात आले, ही कथा त्या दोन आकड्यांतच आहे. तेथून माणूस एकटा जातो आणि दीर्घकाळ राहतो. आपल्याकडून पतिपत्नी जोडीने जातात आणि पाचसहा महिन्यांनी परततात. या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. एक स्थलांतर दीर्घकालीन, दुसरे हंगामी. हा भेद मुलांना व्याख्येवाचूनही कळतो.

पोट कशावर चालते?

आपली माणसे ज्या कारखान्यांकडे जातात, ते तेथेच का उभे राहिले? येथे उद्योगाच्या स्थाननिश्चितीची कल्पना येते. साधारणतः दहा टन उसापासून एक टन साखर मिळते. म्हणजे नऊ टन माल चोथा, मळी व पाणी या रूपाने गळून जातो. एवढे ओझे दूर वाहून नेणे परवडत नाही. शिवाय तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखरेचा अंश घटू लागतो. म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळच हवा. कापसाचे तसे नाही. रुईचे सूत होताना वजन फारसे घटत नाही आणि माल नासतही नाही. म्हणूनच विदर्भ-खानदेशचा कापूस मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जाऊ शकला.

या नियमास माणसांच्या संघटनेची जोड मिळाली, की केवढे स्थित्यंतर घडते याचे उदाहरण शेजारीच आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून लोणीजवळ, आजच्या प्रवरानगर येथे, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०–५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे राज्यात असे अनेक कारखाने निघाले. धरणांचे व कालव्यांचे पाणी ऊस देते. पण तोड थोड्या महिन्यांतच उरकावी लागते, आणि त्यासाठी लागणारे हात येतात आपल्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातून. खरिपाची सुगी आटोपली की येथे काम उरत नाही. नेमक्या त्याच वेळी तेथे काम सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी माणसाला जावेच लागते. एका प्रदेशातील पाणी आणि दुसऱ्या प्रदेशातील टंचाई ही परस्परांशी अशी जोडलेली आहेत. प्रदेशांचे परस्परावलंबन म्हणतात ते हेच.

आर्थिक भूगोलातील आणखी एक कल्पना आठवडी बाजारावरून शिकवावी. मीठमिरचीसाठी आपण गावातल्याच दुकानात जातो, कपड्यांसाठी आठवडी बाजारास, बैलजोडीसाठी दूरच्या जनावरांच्या बाजारास आणि अवघड दुखण्यासाठी शहरातील रुग्णालयात. गरज जितकी विरळा, तितका माणूस दूर जाण्यास तयार होतो. मुलांनी गाव मध्यभागी धरून यांची वर्तुळे काढली, की लहान गाव, बाजारगाव व शहर यांची उतरंड त्यांना आपोआप दिसते.

जमीनपाण्याचे काय होते?

आपला जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्री चढताना बहुतेक पाऊस पश्चिमेकडे टाकतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६०० सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरीने सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. त्यात खाली काळा पाषाण. तो वाळूप्रमाणे पाणी धरून ठेवीत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात मावेल तेवढेच पाणी विहिरीस मिळते.

अशा ठिकाणी कोणते पीक घ्यावे, हा पर्यावरणीय भूगोलाचा प्रश्न होय. उसाला त्याच्या वाढीच्या काळात सुमारे १५० ते २५० सेंटिमीटर पावसाइतके पाणी लागते. आकाशातून जेवढे येते त्याहूनही अधिक पाणी कोठून तरी आणावे लागते. ते धरणातून येते किंवा जमिनीच्या पोटातून. जमा व खर्च यांचा हा मेळ कोसळला म्हणजे काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर केज तालुक्यात धनेगाव येथे धरण आहे. सलग अवर्षणानंतर २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले.

उलट, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आपल्याहूनही कमी पावसाचे गाव. तेथील ग्रामस्थांनी डोंगरउतारावर चर खणले, चराईस व वृक्षतोडीस आळा घातला, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. निसर्ग मर्यादा घालतो. त्या मर्यादेत कसे वागावे हे माणूस ठरवितो. पर्यावरणीय भूगोलाचे मुख्य सूत्र एवढेच आहे.

वर्गात काय करावे?

एक : मुलांकडून पावले मोजून गावाचा नकाशा काढवून घ्यावा. ओढा कोणत्या दिशेस वाहतो व पुढे कोणत्या नदीस मिळतो, हे त्यात अवश्य दाखवावे. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावून सिंदफणा उत्तरेकडे व मांजरा दक्षिणेकडे वळते, तरी दोघींचे पाणी शेवटी गोदावरीसच मिळते, हे कळल्यावर मुलांना किती कौतुक वाटते ते पाहावे.

दोन : दर महिन्याच्या पहिल्या तारखेस शाळेजवळच्या कठडा असलेल्या विहिरीत गाठी मारलेला दोर शिक्षकांनी स्वतः सोडून पाण्याची खोली मोजावी आणि मुलांनी ती भिंतीवरील तक्त्यात नोंदवावी. वर्षअखेरीस तो तक्ता कोणत्याही व्याख्येहून अधिक शिकवील.

तीन : हे सर्वांत महत्त्वाचे. गुढीपाडव्याच्या सुमारास परत आलेल्या मुलास आपण ‘मागे पडलेला’ म्हणतो. अभ्यास बुडालेला असतो हे खरेच. पण त्याने चारदोन जिल्हे, बारमाही वाहणारे कालवे, कारखान्याचे गाळप आणि कधी कर्नाटकाची सीमाही पाहिलेली असते. त्यास नकाशासमोर उभे करून आपला मार्ग दाखविण्यास सांगावे. त्या दिवशी तो वर्गाचा गुरू असतो. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे : घरची उचल, कर्ज, कोपीवरील हाल यांविषयी चारचौघांत काहीही विचारू नये. जे तो आपण होऊन सांगेल तेवढेच ऐकावे.

हे झाले शिकविण्याचे. परंतु जी जागा रिकामी राहते ती केवळ पाठाचा विषय नव्हे. दिवाळीपूर्वीच कोणती कुटुंबे जाणार याची यादी करावी. मूल आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकेल काय, यासाठी पालकांची घरी जाऊन भेट घ्यावी. आणि जाणे अटळच असेल तर शिक्षण हमी कार्ड मुलाच्या हाती देऊन, त्याचा उपयोग कोठे व कसा करावयाचा हे आईस नीट समजावून सांगावे.

त्या शाळेस मी चैत्रात पुन्हा गेलो. पाचवीत नवे चेहरे दिसत होते. गुरुजींनी राज्याचा नकाशा जमिनीवर पसरला होता आणि एक सावळा मुलगा त्यावर गुडघे टेकून बोटाने वाट दाखवीत होता : बीडहून जामखेड, तेथून करमाळा, मग भीमा ओलांडून पुढे. मार्गशीर्षात ‘पक्षी’ म्हणणारी ती मुलगी वाकून पाहत होती. तिने विचारले, “मग शाळा कुठं होती तिथं?” मुलगा क्षणभर थांबला, आणि म्हणाला, “होती. लई लांब.”

गुरुजींनी फळ्यावर तो प्रश्न लिहून ठेवला. पुढील केंद्रसंमेलनात आपणां सर्वांकडून त्याचे उत्तर ऐकण्याची इच्छा आहे.