खोकं टाकू नका, मामा

सकाळी ९. औशातल्या आमच्या ऑनलाइन सेंटरचं शटर वर जातं तेव्हा बाहेर सातबारा आणि पीक विम्याची रांग असते. फसलेला माणूस रांगेत नसतो. तो कडेला थांबतो, गर्दी ओसरली की मोबाइल पुढं करतो.

९.४०. एक मावशी. रात्री लिंक दाबली, पैसे गेले. हा गिऱ्हाइकाचा तंटा नाही, चोरी आहे. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच बँक. कळवल्यानंतर पुढं पैसे गेले तर ते बँकेच्या माथी.

११. सोयाबीनवाले मामा. ऑनलाइन मागवलेला फवारणीचा चार्जिंग पंप चालेना. पाऊस उघडेपर्यंत खोकं फोडलंच नव्हतं. अ‍ॅप म्हणतं, परतीची मुदत संपली. कंपनीशी झालेलं चॅट? "मोबाइल फुल झालता, पुसलं." अर्धा दिवस आमचा असा पुरावे उकरण्यात जातो. शेवटी जुन्या मेसेजमध्ये ऑर्डर नंबर सापडला. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. दिलंय, पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. मेल टाकला. पोच ४८ तासांत, निवारण महिन्यात.

१.३०. जेवण आणि १९१५, दोन्ही एकदमच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीत बोलते, तक्रारीचा नंबर देते, कंपनीकडं पाठवते. हुकूम सोडायचा अधिकार तिला नाही.

४. अभ्यासाच्या अ‍ॅपचे पैसे दरमहा कटतात म्हणून एक पोरगं आलं. घेताना एक बोट, सोडताना पाच पानं. ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्यांना मनाई आहे, हीही त्यातलीच. पण मनाई दिल्लीत, बटण खिशात. आधी यूपीआयमधला ऑटोपे बंद केला, मग तक्रार.

६. मामा परत. "महिन्यात नाही झालं तर?" मग लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो तिथं दावा लावता येतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. अर्ज ई-जागृतीवर इथूनच भरू. शेतीसाठी घेतला म्हणजे धंदा, असं कंपनी म्हणेल. म्हणू दे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात धंद्याची ठरत नाही.

"फक्त पंप आणि खोकं सांभाळून ठेवा, मामा."

"पंप हाय. खोक्यात कोंबडी खुडूक बसलीय. तीन आठवडे तरी तिला उठवता येत नाही."