नाथसागरात मालवाहू जहाज का नाही?

शेवगाव-नेवासे भागात नाथसागराचे अफाट पाणी पाहून एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, आपला ऊस जहाजाने का नेत नाहीत?" प्रश्न चांगला आहे, हसून सोडून देऊ नये.

पाण्यावरची वाहतूक स्वस्त, यात संशय नाही. एका अश्वशक्तीत सडकेने सुमारे १५० किलो, रुळावरून ५०० किलो, तर पाण्यावरून ४००० किलो माल हलतो, असा ढोबळ हिशेब सांगतात. भार पाणी तोलून धरते. यंत्राला फक्त वाट काढावी लागते. घाई मात्र चालत नाही, कारण वेग वाढवला की पाण्याचा विरोध भराभर वाढतो.

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांत हा व्यवहार जुना आहे. २०२२ साली तेथे 'मार्क डब्ल्यू. बार्कर' हे ६३९ फूट लांबीचे, डिझेलवर चालणारे नवे मालवाहू जहाज रुजू झाले. या सरोवरांसाठी अमेरिकेत असे जहाज १९८३ नंतर प्रथमच बांधले गेले. तेथील सुपीरियर सरोवर ह्युरॉनहून सुमारे २१ फूट उंच आहे. मग जहाज चढते कसे? मधे दोन्हीकडे दारे असलेला प्रचंड हौद आहे. जहाज आत आले की मागचे दार लावतात, वरचे पाणी आत सोडतात. हौद भरतो तसे जहाजही वर येते. पंप लागत नाही.

पैठणच्या धरणाला असा हौद नाही. १९७६ साली उद्घाटन झालेले हे धरण मुख्यतः सिंचनासाठी. जहाज खाली गोदावरीत उतरणार कोठून? पण खरी अडचण निराळीच. त्या सरोवरांची पातळी वर्षभरात फूट-दोन फूट हलते. आपले पाणी कालव्यांना आणि पिण्यासाठी जाते, काठ मागे सरतो, आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. ऑक्टोबरात बांधलेला धक्का मे महिन्यात कोरड्यावर! शिवाय ऊस गाडीत, गाडीतून जहाजात, पुन्हा गाडीत. पन्नासेक किलोमीटरच्या जलाशयात वाचलेले डिझेल हमालीत जाईल. आणि १९८६ पासून हे पक्षी अभयारण्यही आहे.

रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याला कोळसा व खनिज बार्जने येते, कारण कारखानाच खाडीकाठी आहे.

काठच्या शाळांतील गुरुजींनी एक करून पाहावे. पाणी भरलेले असताना काठावर खुंटी ठोकावी आणि दर महिन्याला तेथून पाण्यापर्यंतचे अंतर मुलांकडून मोजून घ्यावे.