समुद्रपर्यटन, विमा आणि डॉक्टरांची सही

स्मरणिकेसाठी एखादा आरोग्यविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मधुमेह किंवा हृदयविकार यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर माझ्याहून अधिकारवाणीने लिहू शकतील असे व्यवसायबंधू आपल्या मंडळात आहेत. म्हणून, गेली काही वर्षे माझ्या मनाला टोचत असलेल्या एका वेगळ्याच विषयावर लिहिण्याचे ठरविले. तो विषय म्हणजे समुद्रपर्यटनाला, म्हणजेच क्रूझला, निघालेल्या माणसाचा वैद्यकीय विमा.

विषय वाचून काही वाचकांना हसू येईल. सातपुड्याच्या कुशीत, तांब्याच्या खाणीभोवती वसलेले आपले मलाजखंड कोठे आणि समुद्र कोठे! पण चित्र पालटले आहे. आपल्या वसाहतीतील मुले-मुली पुणे, बंगळूर, सिंगापूर, न्यू जर्सी येथे स्थिरावली आहेत आणि आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला साडी-धोतराऐवजी जहाजाचे तिकीट हातावर ठेवू लागली आहेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाच्या जहाजाने मुंबईहून गोवा व लक्षद्वीपच्या सफरी सुरू झाल्या आणि क्रूझ ही केवळ परदेशाची चैन राहिली नाही. प्रवासी मात्र बहुतांशी साठीच्या पुढचे असतात. त्यांच्या पेटीत स्वेटरच्या आधी औषधांचा डबा जातो.

एक कबुली

२०१४ सालची गोष्ट. आमच्या वसाहतीतील एक निवृत्त फोरमन माझ्या दवाखान्यात आले. जावयाने सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली होती. विम्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे होते. या गृहस्थांचा रक्तदाब मीच नऊ वर्षे तपासत होतो. वर्षभरापूर्वी छातीत जड वाटते म्हणून मीच त्यांना नागपूरला पाठविले होते व तेथून ते गोळ्या घेऊन परतले होते. ते संकोचाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बीपीचं अन् छातीचं काही लिहू नका जी. एजंट म्हणतो, लिहिलं तर हप्ता वाढते, नाही तर अर्जच परत येते."

मी लिहिले नाही. "पूर्वीचा कोणताही आजार नाही" या ओळीखाली सही केली, शिक्का मारला आणि "फोटो काढून आणा" असे हसत सांगून त्यांना निरोप दिला. त्यात माझा काही स्वार्थ नव्हता. होता तो केवळ भिडस्तपणा. आपल्यासारख्या छोट्या गावात डॉक्टर आणि रुग्ण एकाच गणपतीच्या आरतीला उभे असतात. तेथे नाही म्हणणे जड जाते.

सफरीच्या तिसऱ्या रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जहाजावरील डॉक्टरांनी तत्परतेने उपचार केले व पहाटे त्यांना थायलंडमधील एका बंदरात उतरवून रुग्णालयात हलविण्यात आले. ते वाचले. पण रुग्णालयाने जुन्या आजारांची चौकशी केली, तेव्हा पत्नीने भाबडेपणाने पिशवीतील माझ्याच अक्षरातील जुनी चिठ्ठी काढून दिली. विमा कंपनीने दावा नाकारला. कंपनीला दोष देण्यास मला तोंड नाही. बालाघाट रस्त्यावर घरासाठी घेतलेला भूखंड त्यांना विकावा लागला. परतल्यावर ते भेटायला आले, पण एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

जहाज म्हणजे तरंगते मलाजखंड

त्या घटनेनंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. समुद्रावरच्या आजारपणाचे मर्म मलाजखंडच्या डॉक्टरला जितके चटकन कळेल, तितके महानगरातील डॉक्टरला कळणार नाही. आपण सारे जण 'रेफर' या शब्दावर जगलो. रुग्णाला पहिली मदत आपण देतो. मग बैहर मागे टाकून घाट उतरून बालाघाट, आणि तेथेही भागले नाही तर गोंदिया किंवा नागपूर. आजाराइतकेच अंतर माणसाला मारते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

जहाजावर हेच घडते. फक्त घाटाच्या जागी पाणी असते. क्रूझवरील दवाखाना कसा असावा याची मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेने घालून दिली आहेत. त्यानुसार मोठ्या जहाजांवर ईसीजी, क्ष-किरण यंत्र, डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, प्राथमिक रक्ततपासण्या व रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध असते. पण अँजिओप्लास्टीची सोय, रक्तपेढी किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक तेथे नसतो. रुग्ण स्थिर करणे व योग्य ठिकाणी पोहोचविणे, एवढेच तेथील डॉक्टरांचे काम. हे पोहोचविणे म्हणजेच विम्याच्या भाषेतील 'इव्हॅक्युएशन'. आपल्या भाषेत 'रेफर'. फरक इतकाच की येथे एकशे आठला फोन केला की गाडी येते. तेथे कधी हेलिकॉप्टर लागते, कधी विमानाची रुग्णवाहिका, आणि कधी दुसरे बंदर येईपर्यंत थांबावेच लागते.

आपले तटरक्षक दल या बाबतीत मोठे काम करते. १६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री मुंबईपासून सुमारे २०० किलोमीटरवर, खवळलेल्या अरबी समुद्रात, एका संशोधन जहाजावरील चिनी खलाशाच्या छातीत दुखू लागले. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने अंधारात व खराब हवेत त्याला उचलून किनाऱ्यावर आणले. परंतु हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो आणि हवामान कोणाच्या हातात नसते. शिवाय किनाऱ्यावर आणणे हे पहिले पाऊल झाले. तेथून पुढचे रुग्णालय, आणि बरे झाल्यावर परिचारिकेसह स्ट्रेचरवरून मायदेशी परतणे, हा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज ३,७११ माणसांसह अडकून पडले व त्यांपैकी ७१२ जणांना कोरोनाची बाधा झाली. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीयांना दिल्लीला आणण्यात आले. असे विमान सरकार राष्ट्रीय संकटात पाठवते. एकट्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडले म्हणून ते येत नाही. तेथे विम्याचा कागदच उपयोगी पडतो.

आपला नेहमीचा विमा पुरेसा नाही का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. उत्तर बहुधा 'नाही' असेच असते. आपला घरगुती मेडिक्लेम सर्वसाधारणपणे भारताच्या हद्दीपुरता असतो. देशांतर्गत सफरीतही एक अडचण आहे. विमा नियमांतील 'रुग्णालय' या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. नोंदणी नसेल तर लहान गावात किमान दहा व मोठ्या शहरात पंधरा खाटा, शस्त्रक्रियागृह, चोवीस तास परिचारिका वगैरे अटी पूर्ण व्हाव्या लागतात. जहाजावरील दवाखाना या व्याख्येत बसेलच, असे नाही. तेव्हा गोवा-लक्षद्वीपला निघतानाही कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

आपले जे मित्र तरुणपणी अमेरिकेत गेले, ते आता तेथील 'मेडिकेअर'च्या वयाचे झाले आहेत. त्यांनीही गाफील राहू नये. जहाज अमेरिकी बंदरापासून सहा तासांहून अधिक अंतरावर असेल, तर तेथील उपचारांचा खर्च मेडिकेअर देत नाही.

पॉलिसी निवडताना

माझ्या अल्प अभ्यासातून जे प्रश्न मला महत्त्वाचे वाटले, ते येथे देतो.

पहिला प्रश्न, समुद्रावरील आजारपण या पॉलिसीत येते का? काही प्रवास-विम्यांत क्रूझसाठी वेगळे जादा कलम घ्यावे लागते. जहाज ज्या ज्या देशांच्या बंदरांत थांबणार, ते सारे देश भौगोलिक व्याप्तीत असले पाहिजेत.

दुसरा, वैद्यकीय स्थलांतराची रक्कम स्वतंत्र आहे की उपचारांच्या एकूण रकमेतूनच वजा होणार? रुग्णाला 'जवळच्या योग्य रुग्णालयात' नेणार की मायदेशी आणणार? हा निर्णय कोण घेणार? बहुतेक पॉलिसींत कंपनीच्या मदत-केंद्राची पूर्वसंमती आवश्यक असते. नातेवाइकांनी परस्पर विमान ठरविले तर पैसे मिळत नाहीत. म्हणून तो दूरध्वनी क्रमांक पत्नीच्या व मुलांच्याही जवळ असावा. सोबत थांबणाऱ्या जोडीदाराचा निवासखर्च आणि, अशुभ बोलू नये, पण पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च, यांचाही उल्लेख पाहावा.

तिसरा, पूर्वीच्या आजारांचे काय? आपल्याकडील बहुतेक परदेश-प्रवास पॉलिसी जुना आजार वगळतात. काहींत जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरता, मर्यादित रकमेपर्यंत खर्च मिळतो. साठीच्या वर असलेल्यांनी सर्वाधिक वेळ याच कलमावर घालवावा.

चौथा, आधी पैसे कोण भरणार? जहाजावरील उपचारांचे बिल सहसा प्रवाशाच्या खात्यावर चढते व उतरण्यापूर्वी भरावे लागते. परतावा नंतर. मूळ बिले, डॉक्टरांच्या नोंदी व ईसीजी जपून आणावेत.

पाचवा, वयानुसार रकमेवर मर्यादा किती, आणि सुरुवातीचा किती खर्च आपण सोसायचा? शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. पण ती व्हिसाची किमान अट आहे, आपल्या गरजेचे माप नव्हे. तिकिटाबरोबर मिळणारा स्वस्त विमा पुष्कळदा सफर रद्द होण्यापुरता असतो, हेही पाहून घ्यावे.

सहीची किंमत

आता व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द. ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आपण सर्वांनी जाणून घ्यावा. २००९ साली एक गृहस्थ परदेश-मेडिक्लेम घेऊन अमेरिकेला गेले. आपल्याला मधुमेह असल्याचे त्यांनी अर्जात सांगितले होते व त्यांची वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कंपनीने जुन्या आजारांचे कारण देऊन दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अर्जदाराने उघड केलेली प्रकृतीची स्थिती पाहून, तपासून एकदा पॉलिसी दिल्यावर, त्याच स्थितीकडे बोट दाखवून कंपनीला दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती सांगणे हे अर्जदाराचे कर्तव्य असल्याचेही त्याच निकालात आहे.

हा निकाल वाचताना मला आमचे फोरमन आठवले. त्या गृहस्थांनी आजार लिहिला होता, म्हणून बारा वर्षांनी का होईना, न्यायालयात त्यांना उभे राहायला जागा मिळाली. माझ्या रुग्णाची ती जागाच मी माझ्या सहीने काढून घेतली होती. हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाही म्हणेल. मग दुसरी पाहता येईल, किंवा सफर पुढे ढकलता येईल. पण खोट्या कागदावर निघालेला माणूस विम्याविनाच निघालेला असतो, आणि हे त्याला समुद्राच्या मध्यावर कळते.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाला एका पानाचा इंग्रजी गोषवारा देतो. त्यात आजार, शस्त्रक्रिया, ॲलर्जी व औषधांची मूळ नावे असतात, कारण आपल्या कंपन्यांची नावे जहाजावरच्या डॉक्टरला कळत नाहीत. शेवटचा ईसीजी व स्टेंटचे कार्ड सोबत जोडतो. त्याचीच एक प्रत विम्याच्या अर्जाला लावतो. औषधे हातातल्या पिशवीत, आणि परतीनंतर आठवडाभर पुरतील इतकी.

येत्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलासोबत अशाच एका सफरीला निघणार आहोत. माझ्या स्वतःच्या हृदयात एक स्टेंट आहे. अर्जात तो लिहिला. एका कंपनीने नकार दिला, दुसरीने हप्ता वाढविला. तेव्हा सौभाग्यवतींनी गॅलरीची खोली रद्द करून आतली, बिनखिडकीची खोली घ्यायला लावली आणि वाचलेली रक्कम विम्यात घातली. "समुद्र डेकवरूनही दिसतो," असे त्यांचे म्हणणे.

हे सारे परवा फोरमन साहेबांना सांगितले. ते आता गोंदियाला मुलाकडे राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं केलं जी, सगळं लिहिलं." इतक्या वर्षांत त्या विषयावर ते प्रथमच बोलले.

सुजाण वाचकांनी समुद्र अवश्य पाहावा, आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून सर्व काही लिहून घ्यावे. डॉक्टर भिडेपोटी काही वगळू लागले, तर त्यांचा हात धरावा, एवढीच नम्र विनंती.