मुकी लेन्स आणि खोटा आकडा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या आत्याच्या वाड्यात भर दुपारीही दिवा लावावा लागे. वाडा पाडावयाचा ठरला आणि आत्या मुलाकडे पुण्यास जाण्यास निघाली, तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत, तिच्या नेहमीच्या जागी बसलेली तिची छायाचित्रे घ्यावीत, असे मनात आले. वडिलांच्या रशियन झेनिट कॅमेऱ्याची ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स मी नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसविली होती. आत्याच्या डोळ्यांना फ्लॅशचा झोत सोसत नसे. परंतु हाताचा कंप निवारण्याची सोय कॅमेऱ्यातच असल्यामुळे मी निर्धास्त होतो. घरी येऊन पाहतो, तो एक सोडून सारी चित्रे पुसट!

दोष यंत्राचा नव्हता. मीच त्याला खोटी माहिती पुरविली होती.

हातात धरलेला कॅमेरा कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर तो किंचित कलतो. समजा, तो अंशाच्या एक दशांशाइतकाच कलला. तरी ५८ मिलिमीटरच्या लेन्समधून पडणारी प्रतिमा सुमारे ०.१ मिलिमीटर सरकते. हे अंतर नगण्य वाटेल. पण ३६ मिलिमीटर रुंदीच्या ज्या संवेदकावर दोन कोटी चाळीस लक्ष बिंदू दाटीवाटीने बसविलेले असतात, त्यावर एवढ्या जागेत सोळा-सतरा बिंदू मावतात! २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेवढ्याच कलण्याने प्रतिमा ०.३५ मिलिमीटर सरकते. फिल्मच्या काळात लेन्स ६० मिलिमीटरची असेल तर शटर निदान एक साठांश सेकंदाचे ठेवावे असे शिकवीत, ते याचसाठी.

या कंपावर पहिले इलाज लेन्समध्येच झाले. १९९५ साली कॅनन कंपनीने कंप निवारणारी ७५ ते ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. २००३ साली कोनिका मिनोल्टाने लेन्सऐवजी संवेदकच हलविण्याची युक्ती कॅमेऱ्यात आणली. २०१२ साली ऑलिंपसने पाच प्रकारची हालचाल सावरणारा मिररलेस कॅमेरा काढला आणि २०१४ मध्ये सोनीने ही सोय ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या संवेदकाला दिली. जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांना खरा लाभ झाला तो या दुसऱ्या मार्गाने. साधी काच आणि धातूची नळी असलेली लेन्सदेखील आता कंपापासून सुरक्षित झाली.

रचना मोठी देखणी आहे. संवेदकाची पाटी लोहचुंबक आणि तारेची वेटोळी यांच्या आधारे अधांतरी तोललेली असते. चिमुकले जायरोस्कोप कॅमेरा कोणत्या दिशेने व किती वेगाने कलतो आहे, हे क्षणोक्षणी सांगतात, आणि प्रतिमा जिकडे सरकेल तिकडे वेटोळ्यांतील वीज पाटीला सरकविते. होकारासाठी मान हलते तसे कलणे, नकारासाठी हलते तसे वळणे आणि खांद्याकडे झुकते तसे फिरणे, असे या डुलण्याचे तीन प्रकार.

आता मेख अशी, की जायरोस्कोप फक्त कोन सांगतो. त्या कोनासाठी पाटी किती मिलिमीटर सरकवावी, हे लेन्सच्या नाभीय अंतरावर अवलंबून असते. नवी लेन्स आपला आकडा धातूच्या टोकांमधून कॅमेऱ्याला कळविते. जुनी लेन्स मुकी. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने त्याचे तोंड संवेदकाच्या जवळ असते. सोनीत हे अंतर १८ मिलिमीटर, तर जुन्या आटेदार लेन्सना सुमारे ४५.५ मिलिमीटर लागते. मधली साडेसत्तावीस मिलिमीटरची जागा ॲडॅप्टर नावाची पोकळ नळी भरून काढते. पण ती पोकळच, तिच्यातून निरोप जात नाही. तो आकडा मेनूत जाऊन आपणच भरावयाचा असतो.

आदल्या दिवशी विश्वामित्रीच्या पुलावरून मी मगरींची छायाचित्रे काढली होती, एका मित्राची २०० मिलिमीटरची जुनी लेन्स लावून. आकडा २०० भरला, तो तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी आत्यासमोर जिथे पाटी ०.१ मिलिमीटर हलावयाची तिथे ती इमानाने ०.३५ मिलिमीटर हलत राहिली. प्रतिमा उलट दिशेने पाव मिलिमीटर घसरली, म्हणजे सोय बंद ठेवली असती त्याच्या अडीचपट! उलट चूक त्या मानाने सौम्य असते. २०० च्या लेन्सवर ५८ चा आकडा राहिला, तर कंपाचा पाव हिश्शाहून थोडा अधिक भाग जातो, बाकीचा राहतो इतकेच. म्हणून जुन्या झूम लेन्सच्या बाबतीत आकडा वरचेवर बदलण्याचा कंटाळा असेल, तर तिचा लहानातला लहान आकडा भरावा. कॅमेऱ्याच्या यादीत ५८ नसेल तर ६० चालेल. तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही.

लहान संवेदकाचा कॅमेरा असलेली हुशार मंडळी या आकड्याला दीडने गुणतात. तसे करू नये. प्रतिमा किती सरकते हे लेन्स ठरविते, संवेदकाचा आकार नव्हे. लेन्सवर कोरलेला आकडाच खरा. सगळे बरोबर भरूनही दोन उणिवा उरतातच. फूल अगदी जवळून टिपताना कॅमेरा नुसता बाजूला सरकला तरी चित्र बिघडते, आणि ते सावरण्यास वस्तूचे अंतर कळावे लागते. तेही मुकी लेन्स सांगू शकत नाही. शिवाय आरतीत टाळ्या वाजविणारे हात कोणताही संवेदक थांबवू शकत नाही. तिथे शटरच वेगवान हवे.

बचावलेले ते एक चित्र मी हातात कॅमेरा धरून घेतलेच नव्हते. आत्याने हाक मारली, "अरे, ते ठेव आणि आधी चहा घे." कॅमेरा शिसवी पेटीवर ठेवून, दहा सेकंदांचे टायमर लावून मी चहा घेण्यास वळलो. पेटीवर कॅमेरा हललाच नाही, त्यामुळे चुकीच्या आकड्याने गुणावयास कंपच उरला नाही. चित्रात आत्या माझ्याकडे नव्हे, दिव्याकडे पाहते आहे, आणि कडेला माझी कपबशी अर्धी कापली गेली आहे.