उतार, हरळी आणि काथ्या

आमचं शेत चोपडा तालुक्यात, तापीच्या बाजूला. तिथली माती खोल, गाळाची. नदीकाठी पाण्याने चिरून घळीच घळी झाल्या आहेत. मागे आप्पांनी नाल्याकडचा ढासळलेला काठ जेसीबी लावून नीट उतरता करून घेतला. जूनच्या पहिल्या दोन पावसांतच त्याला हातभर खोल ओघळी पडल्या. आप्पा म्हणाले, "काय इंजिनिअर, आता?" सिव्हिलला असून मला उत्तर आलं नाही. म्हणून लायब्ररी धरली.

माती आधी सुटते ती थेंबाच्या माराने, मग वाहत्या पाण्याने. गवताची पाती मार झेलतात, मुळं माती धरतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे आठ महिने कोरडे आणि पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत. गवत रुजायच्या आतच सरी कोसळतात. खरा धोका या पहिल्या पावसाळ्याचा, आणि जाळी त्यासाठीच असते.

काथ्याची विणलेली जाळी (हो, तोच नारळाचा काथ्या!) दोन-तीन वर्षं टिकते. ताग त्याआधीच कुजतो. कुजली तर कुजू द्या, तोवर मुळांनी ताबा घेतलेला असतो. मात्र सांडव्यासारख्या जागी, जिथे पाणी जोरात आणि बराच वेळ वाहतं, तिथे न कुजणारी प्लॅस्टिकची चटई लागते. मुळं तिच्यातच गुंततात. ब्रिटनच्या सिरिया या संस्थेचा 1987 चा अहवाल यावरच आहे. चांगलं गवत तासभर सेकंदाला चार मीटर वेगही सोसतं, पण पाणी दोन दिवस चाललं की ती ताकद निम्म्यावर येते. चटईने ही घसरण कमी होते.

जाळी लावताना गंमत होते. लोक ती खाटेसारखी ताणतात! मग ढेकळांमधून पाणी खालून पळतं आणि जाळी नुसती शोभेला उरते. आधी उतार सारखा करा, बी पेरा, जाळी सैल अंथरून मातीला चिकटू द्या, खिळे ठोका. वरची कड उताराच्या माथ्यावर फूटभर चरात गाडायचीच. आपल्या रस्त्यांच्या भरावांसाठी आयआरसी 56 यावरच आहे, जरूर चाळा.

गवत म्हणजे जादू नव्हे, बरं का. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वेचा मोठा अपघात झाला. नंतर तिथल्या कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, आणि वाळाही लावला. वाळ्याची मुळं तीन मीटर जातात, पण घसरण त्याहून खोलवर असेल तर मुळं काय करणार? आमच्या नाल्यावरही पाणी काठाचं बूड पोखरतं, तिथे दगडच हवेत. वरच्या उताराला हरळी आणि काथ्या.

हे ऐकून आप्पा हसले. "जन्मभर हरळी उपटली, आता विकतची जाळी लावून ती वाढवू?" शेवटी अर्ध्या काठाला लावायचं ठरलंय. उरलेला अर्धा तसाच, शेजारी शेजारी बघायला.